पहिला येऊनही चॅम्पियन नाही: अँडी राऊज आणि सलून कार शर्यतींचं गणित

१९८८ साली ब्रिटनच्या टूरिंग कार, म्हणजेच सलून कार शर्यतींत सगळ्यांत वेगवान गाडी होती फोर्ड सिएरा आरएस५००, आणि ती चालवणाऱ्यांत सगळ्यांत यशस्वी होता अँडी राऊज. गाडी त्याच्याच वर्कशॉपमध्ये बांधलेली, इंजिन त्याच्याच देखरेखीखाली तयार झालेलं, आणि स्टिअरिंगवरही तोच. त्या मोसमात त्याच्याइतक्या शर्यती दुसऱ्या कुणीही जिंकल्या नाहीत. तरी मोसमाअखेर चॅम्पियन ठरला फ्रँक सिटनर. सिटनर चालवत होता बीएमडब्ल्यू एम३. सरळ रस्ता लागला की ही गाडी सिएरांच्या आसपासही टिकत नसे.

यात लबाडी नव्हती. पंचांची चूकही नव्हती. नियमच तसे होते. गंमत अशी की याच नियमाने तेरा वर्षांपूर्वी राऊजला त्याचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं होतं. राऊजची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी हा नियम समजून घ्यावा लागतो, कारण हा माणूस जेवढा ट्रॅकवर गाडी चालवून जिंकला, जवळजवळ तेवढाच नियमावली वाचून जिंकला.

सलून कार म्हणजे साधी घरगुती गाडी. मागे डिकी, आत चौघापाचजणांची बसायची सोय, शोरूममध्ये जाऊन पैसे मोजले की मिळणारी. फॉर्म्युला वनची गाडी जन्माला येते तीच शर्यतीसाठी. सलून शर्यतीत उलटं असतं. आधी कंपनीने लोकांसाठी गाडी काढायची, ती ठरलेल्या संख्येने बनवायची, आणि मग त्याच मॉडेलवर काम करून ती ट्रॅकवर आणायची. हे मॉडेल शर्यतीला चालेल, अशी जी अधिकृत मान्यता मिळते तिला होमोलोगेशन म्हणतात. मान्यतेच्या कागदपत्रांत गाडीचा एकेक भाग नोंदलेला असतो. काय बदलता येईल आणि काय नाही, हे त्यावरून ठरतं.

आता अडचण अशी की रस्त्यावर मिनी असते आणि पाच-सहा लिटरचं इंजिन असलेली अमेरिकन कॅमेरोही असते. दोघी एकाच ट्रॅकवर उतरल्या तर निकाल सांगायला ज्योतिषी नको. म्हणून इंजिनाच्या आकारानुसार गट पाडले. सगळे गट एकाच वेळी धावायचे, पण गुण मिळायचे ते आपापल्या गटातल्या क्रमांकानुसार. मोसम संपला की सगळ्या गटांतल्या ड्रायव्हरांचे गुण एकाच यादीत मांडायचे. ज्याचे जास्त, तो संपूर्ण स्पर्धेचा विजेता.

शाळेत चार तुकड्या आहेत असं धरा. अ तुकडीत सगळीच पोरं हुशार, त्यामुळे पहिला नंबर दर चाचणीत वेगळ्याच कुणाचा तरी येतो. ड तुकडीत मात्र एकच पोरगा अभ्यास करतो आणि दर वेळी पहिला येतो. वर्षाचं बक्षीस ‘तुकडीत किती वेळा पहिला’ यावर द्यायचं ठरलं, तर ते ड तुकडीत जाणार. अ तुकडीतल्या पोराला शंभरपैकी पंच्याण्णव मिळाले काय आणि ड मधल्याला सत्तर मिळाले काय, हिशोबात फरक पडत नाही.

ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप १९५८ साली सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षी या पद्धतीने घोळ घातला. जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ हे दोन वेगवेगळ्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर अगदी समान गुणांवर आले. मग दोन सारख्या रायली गाड्या आणल्या, दोघांची एक छोटी शर्यत लावली, गाड्यांची अदलाबदल करून पुन्हा दुसरी लावली, आणि दोन्हींचा वेळ मिळवून सीअर्सला विजेता ठरवलं. एवढं होऊनही गटांची पद्धत पुढे तीसेक वर्षं चालूच राहिली. माझ्या मते ती तितकी वाईटही नव्हती. छोट्या गाडीच्या ड्रायव्हरला अख्खी चॅम्पियनशिप जिंकायची आशा राहते, हे काही थोडं नाही. पण टीव्हीवर पाहणाऱ्या माणसाला ‘जो पुढे दिसतोय तो जिंकत नाहीये’ हे समजावणं कठीणच.

राऊजचा जन्म २ डिसेंबर १९४७ चा, ग्लॉस्टरशायरमधल्या डिमॉक गावातला. शिक्षण इंजिनिअरिंगचं, तेही हात काळे करून घेतलेलं. शर्यतीचा नाद लागल्यावर तो राल्फ ब्रॉडच्या ब्रॉडस्पीड या कंपनीत दाखल झाला. ब्रॉडस्पीड म्हणजे त्या काळातलं बडं नाव. मिनी गाड्या तयार करून ब्रॉडने नाव कमावलं होतं, आणि १९६६ साली त्याच्याच फोर्ड अँग्लियावर जॉन फिट्झपॅट्रिक ब्रिटिश विजेता झाला होता. अशा ठिकाणी राऊज आठवडाभर गाड्यांवर काम करायचा आणि शर्यतीच्या दिवशी त्याच गाड्यांत बसायचा. १९७२ मध्ये त्याने फोर्ड एस्कॉर्ट मेक्सिको गाड्यांची स्वतंत्र स्पर्धा जिंकली. तिथे सगळ्यांकडे एकाच जातीची गाडी, त्यामुळे हा नुसता मिस्त्री नाही, गाडीही चालवतो, हे लोकांना कळलं.

ड्रायव्हरच इंजिनिअर असला की नेमका काय फायदा होतो? एरवी ड्रायव्हर खाली उतरून सांगतो, ‘वळणावर मागची बाजू सुटतेय.’ इंजिनिअर ऐकतो, आपल्या परीने अर्थ लावतो, आणि स्प्रिंग बदलतो. मधे भाषांतर होतं, आणि त्यात बरंच काही सांडतं. राऊजच्या बाबतीत ज्याला कंबरेत गाडीची हालचाल जाणवते, त्यालाच कोणता नट किती फिरवायचा तेही माहीत. शिवाय एक वेगळी गोष्ट घडते, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. असा माणूस शर्यतीच्या मधेच ओळखू शकतो की कुठला भाग थकत चालला आहे, आणि त्या बेताने गाडी चालवतो.

१९७४ पासून ब्रिटिश स्पर्धेत ग्रुप १ चे नियम आले. मतलब एवढाच, की शोरूममधली गाडी शक्य तितकी जशीच्या तशी ठेवायची. यांत्रिक करामती करायला वाव फार कमी. इतरांना ही बेडी वाटली. ब्रॉडस्पीडने मात्र उलटा विचार केला: बदल करता येणार नसतील, तर मुळातच जिच्यात करामत आहे अशी गाडी शोधा. ती गाडी होती ट्रायम्फ डोलोमाइट स्प्रिंट.

या गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, जरा जवळून पाहण्यासारखं आहे. इंजिनाची ताकद शेवटी एका गोष्टीवर ठरते: दर फेरीला सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण किती जातं आणि जळलेला धूर किती झटपट बाहेर पडतो. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असत, एक आत घेणारा आणि एक बाहेर सोडणारा. तेवढ्याच जागेत चार छोटे व्हॉल्व्ह बसवले तर उघडणारी एकूण जागा वाढते, आणि स्पार्क प्लग बरोबर मध्यभागी बसवता येतो. पण चार व्हॉल्व्ह चालवायला सहसा दोन कॅमशाफ्ट (कॅम म्हणजे उंचवटे असलेले, फिरत व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) लागतात, म्हणजे खर्च वाढला. ट्रायम्फच्या इंजिनिअरांनी एकाच कॅमशाफ्टवर सोळा व्हॉल्व्ह चालवले. आत घेणारे व्हॉल्व्ह कॅम थेट दाबतो, आणि तोच कॅम रॉकर नावाच्या छोट्या तरफेच्या मदतीने पलीकडचे, धूर सोडणारे व्हॉल्व्हही उघडतो. एकाच कॅमकडून दोन कामं. दोन लिटरचं हे इंजिन शोरूममध्येच १२७ अश्वशक्ती देत होतं, जी १९७३ च्या घरगुती गाडीला भरपूर होती. स्पर्धेत दुसऱ्या कुणी सोळा व्हॉल्व्हचं हेड बसवायचं म्हटलं तर नियम आडवा आला असता. ट्रायम्फला ते कंपनीतूनच मिळालेलं होतं.

१९७५ मध्ये राऊज याच डोलोमाइटवर संपूर्ण स्पर्धेचा विजेता झाला. त्या मोसमात पुढे दिसायच्या त्या मोठ्या गटातल्या कॅमेरो. राऊज आपल्या गटात जिंकत राहिला आणि गुण गोळा करत राहिला. म्हणजे १९८८ ला सिटनरने त्याच्याबाबतीत जे केलं, ते त्याने कॅमेरोवाल्यांच्या बाबतीत आधीच करून ठेवलं होतं.

त्यानंतरचं जग्वार प्रकरण अपयशाचं आहे, पण सोडून देण्यासारखं नाही. ट्रायम्फ आणि जग्वार ज्या कंपनीच्या होत्या, त्या ब्रिटिश लेलँडला युरोपात बीएमडब्ल्यूला हरवायचं होतं, आणि त्यासाठी ब्रॉडस्पीडला ५.३ लिटर, बारा सिलिंडरच्या एक्सजे कूपेवर काम दिलं. गाडी दिसायला राजेशाही, वेगात कमी नाही, पण वजन प्रचंड आणि खाणं-पिणंही तसंच. तिचं मोठं दुखणं होतं ऑइल. साध्या गाडीत इंजिनाचं ऑइल खालच्या चेंबरमध्ये साठलेलं असतं आणि पंप ते तिथून वर ओढतो. रस्त्यावर यात काही बिघडत नाही. पण शर्यतीच्या वेगात लांबलचक वळण घेताना सगळं ऑइल चेंबरच्या एका बाजूला चढून बसतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, आणि ऐन जोरात फिरणाऱ्या बेअरिंगला काही क्षण ऑइलच मिळत नाही. ते काही क्षण पुरेसे असतात. यावर उपाय म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवून पंपाने फिरवायचं, ज्याला ड्राय सम्प म्हणतात. पण मान्यतेच्या कागदपत्रांत जे नाही ते सुरुवातीला बसवता येईना. १९७७ साली जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर डेरेक बेल आणि राऊज यांनी ही गाडी दुसऱ्या क्रमांकावर आणली. जग्वारच्या त्या मोहिमेची सर्वोत्तम कामगिरी तीच. वर्षअखेर मोहीमच गुंडाळली गेली.

१९८१ मध्ये राऊजने कोव्हेंट्रीत स्वतःची कंपनी काढली, आणि इथून त्याच्या आयुष्याचा सगळ्यांत भरीव काळ सुरू होतो. १९८३ ला ब्रिटनमध्ये ग्रुप ए चे नियम आले: वर्षभरात किमान ५,००० गाड्या बनवल्या असतील तर ते मॉडेल मान्य. इंजिन आणि सस्पेन्शनवर आता पूर्वीपेक्षा जास्त काम करता येणार होतं. राऊज उतरला अल्फा रोमिओ जीटीव्ही६ घेऊन, अडीच लिटरच्या गटात. मोठ्या गटात टॉम वॉकिन्शॉच्या संघाच्या रोव्हर गाड्यांनी नुसता धुमाकूळ घातला आणि स्टीव्ह सोपर चॅम्पियन ठरला. मग तक्रार झाली, की रोव्हरची बॉडी आणि इंजिनातले काही भाग नियमात बसत नाहीत. प्रकरण पुढच्या वर्षापर्यंत चिघळलं, रोव्हर बाद झाल्या, आणि विजेतेपद राऊजकडे आलं. असं कागदावर आलेलं विजेतेपद गोड लागत असेल का, कोण जाणे.

१९८४ ला तो स्वतःच रोव्हर व्हिटेस घेऊन आला. साडेतीन लिटरचं व्ही८ इंजिन. या वेळी जिंकण्याबद्दल कुणाला काही बोलायला जागा उरली नाही. ही रोव्हर आपल्याकडच्या जुन्या लोकांनी पाहिलेली आहे, फक्त दुसऱ्या नावाने. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये काढलेली ‘स्टँडर्ड २०००’ म्हणजे याच रोव्हरची बॉडी. फक्त व्ही८ च्या जागी दोन लिटरचं जुनाट इंजिन बसवलेलं, मूळ स्टँडर्ड व्हॅनगार्ड या जुन्या गाडीच्या काळातलं. ती गाडी आपल्याकडे १९८८ पर्यंत कशीबशी चालली. देखणी होती, पण पिकअपच्या नावाने आनंद.

१९८५ चं विजेतेपद मात्र खास राऊजच्या डोक्यातून आलेलं. त्याने निवडली फोर्ड सिएरा एक्सआर४टीआय. ही गाडी ब्रिटनमध्ये विकायलाच नव्हती. जर्मनीत बनून ती मर्कुर या नावाने अमेरिकेत विकली जायची. तिच्यात होतं २.३ लिटरचं टर्बो इंजिन. हीच का निवडली? उत्तर नियमावलीतल्या एका गुणाकारात आहे.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराला जोर असतो, जो एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये त्या धुराच्या झोतावर एक छोटं चक्र फिरवतात. त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, जे बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद. हा अन्याय होऊ नये म्हणून नियम असा होता, की टर्बो असेल तर इंजिनाचा आकार १.४ ने गुणायचा आणि येईल त्या आकड्यावर गाडीचा गट आणि किमान वजन ठरवायचं. २.३ गुणिले १.४ म्हणजे साधारण ३.२ लिटर. म्हणजे नियम धरून चालला होता की टर्बोमुळे ताकद चाळीस टक्क्यांनी वाढते. पण हवा किती दाबाने कोंबायची यावर बंधन नव्हतं. इंजिन तेवढं सोसू शकलं तर ताकद चाळीस काय, त्याच्या कितीतरी पुढे नेता येत होती. कागदावर ३.२ लिटरची गाडी, ताकदीला साडेतीन लिटरच्या व्ही८ ला भारी. राऊजने इंजिन सोसेल असं बनवलं आणि सलग तिसरं, एकूण चौथं विजेतेपद घेतलं.

फोर्डला हा धडा नीट समजला. सिएरा आरएस कॉसवर्थ आली, आणि १९८७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आरएस५००. आधी ५,००० गाड्या बनवलेल्या असतील तर सुधारित आवृत्तीला ५०० गाड्या पुरत, म्हणून नावात ५००. नियमाला मान देण्यापुरतीच ही गाडी कशी बनवली होती, हे बॉनेट उघडल्यावर कळतं. तिच्या इंजिनावर पेट्रोल सोडणारे इंजेक्टर आठ आहेत, पण रस्त्यावरच्या गाडीत त्यांतले चार जोडलेलेच नाहीत. नुसते बसवून ठेवलेले. गिऱ्हाइकाला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. पण शोरूममधल्या गाडीवर ते आहेत म्हटल्यावर शर्यतीच्या गाडीत ते कायदेशीरपणे वापरता येत होते. टर्बोचंही तेच. तो इतका मोठा होता की रोजच्या वापरात गाडी आधीच्या मॉडेलपेक्षा सुस्त वाटायची, कारण एवढं चक्र गती घेईपर्यंत वेळ जायचा. रस्त्यावर २२४ अश्वशक्ती, ट्रॅकवर पाचशेच्या वर. आणि ही सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांवर.

पुढे नियामकांनी १.४ चा गुणक वाढवून १.७ केला, तरी आरएस५०० ला कुणी आवरू शकलं नाही. राऊजच्या वर्कशॉपमधून या गाड्या इतर संघांनाही जायच्या. १९८८ ची टूरिस्ट ट्रॉफी सिल्व्हरस्टोनवर त्याने आलाँ फेर्तेच्या जोडीने जिंकली. पण ब्रिटिश विजेतेपद? गाडी एवढी चांगली निघाली की मोठ्या गटात सगळ्यांकडेच ती आली. दर शर्यतीत पहिल्या नंबरासाठी मारामारी, गुणांची वाटणी. १९८६ आणि १९८७ ला छोट्या टोयोटा कोरोलावर ख्रिस हॉजेट्स चॅम्पियन, १९८८ ला सिटनर, १९८९ ला अ‍ॅस्ट्रावर जॉन क्लीलंड. ही अ तुकडीची शिक्षा झाली. १९९० ला अखेर आरएस५०० चॅम्पियन झाली तेव्हा ती रॉब ग्रॅव्हेटची होती.

एव्हाना सगळ्यांनाच कळलं होतं की हे गणित बदलायला हवं. गाड्या महाग होत चालल्या होत्या, आणि निकाल प्रेक्षकांना कळत नव्हता. १९९० मध्ये दोन लिटरचा नवा गट सुरू झाला आणि १९९१ पासून फक्त तोच उरला: टर्बो नाही, इंजिनाचे फेरे मिनिटाला ८,५०० च्या वर नाहीत, आणि सगळे एकाच गटात. या नियमांच्या आखणीत राऊजचा मोठा हात होता. ज्याला नियमांतल्या फटी इतक्या नीट दिसायच्या, त्यालाच त्या बुजवायला बसवलं, हे मला शहाणपणाचं वाटतं. ही कल्पना पुढे सुपर टूरिंग या नावाने युरोप, जपान, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली आणि मोठमोठ्या कंपन्या कारखान्याचे संघ घेऊन उतरल्या. त्यासोबत खर्चही पुन्हा आभाळाला टेकला.

राऊज स्वतः या नव्या जगात आधी टोयोटा कॅरिनावर आणि मग फोर्ड माँडेओवर धावला. एकदाही चॅम्पियन झाला नाही. त्याने बांधलेली माँडेओ मात्र जिंकली. १९९३ च्या मोसमात ती अर्ध्यावर आली, आणि ऑक्टोबरमध्ये मोंझाला झालेल्या जागतिक टूरिंग कार करंडकात न्यूझीलंडच्या पॉल रॅडिसिचने इतर सगळ्या कंपन्यांना मागे टाकलं. पुढच्या वर्षी डॉनिंग्टनला पुन्हा तोच. १९९४ नंतर राऊजने गाडी चालवणं थांबवलं.

ब्रिटिश स्पर्धेतले त्याचे ६० विजय हा बरीच वर्षं विक्रम होता. चार विजेतेपदांची बरोबरी पुढे कॉलिन टर्किंग्टन आणि अ‍ॅश सटन यांनी केली. विजयांचा आकडा जेसन प्लेटोने मोडला आणि ९७ वर नेऊन ठेवला. प्लेटोच्या गाड्या मात्र दुसऱ्यांनी बांधलेल्या होत्या.